तेलाचं वय

दगडाला वय असतं. तेलाला फार तर चरित्र असतं.

सह्याद्रीतल्या काळ्या कातळाचा तुकडा प्रयोगशाळेत द्या. तो कधी थिजला हे तिथे मोजून सांगतात. लाव्हा गार होताना त्यातल्या पोटॅशियमचं घड्याळ नव्याने चालू होतं. साठलेला अरगॉन वायू मोजायचा आणि मागे हिशेब करायचा. उत्तर येतं सुमारे ६.६ कोटी वर्षं. पुढे काही लाख वर्षांवरून तज्ज्ञ हमरीतुमरीवर येतात, पण तो भाऊबंदकीतला वाद. बांध कुठे आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

तेल थिजत नाही. ते वाहतं, मिसळतं, झिरपतं, निघून जातं. त्याचा बहुतेक सगळा पिंड कार्बन आणि हायड्रोजनचा. कोट्यवधी वर्षं चालेल असं घड्याळ या दोघांपैकी एकाकडेही नाही.

म्हणून तेलाचं वय त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारावं लागतं.

*

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात, १९७४च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या तेलखोदाईच्या रिगने तेल शोधलं. १९७६च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. मुंबई हाय हे नाव मराठी घराघरांत पोचलं. या तेलाचं वय विचारलं, तर प्रामाणिक माणूस आधी उलट विचारेल, कुठलं वय हवंय?

ते मुख्यतः ज्या चुनखडकातून काढतात तो मायोसीन काळातला, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, कोमट समुद्रात साचलेला. पण तेल तिथलं नव्हे. ते आलं भोवतालच्या खोलगट भागांतल्या शेलमधून, ज्याला पन्ना थर म्हणतात. तो पॅलिओसीन ते इयोसीनच्या आरंभीचा, म्हणजे साधारण साडेपाच-सहा कोटी वर्षांमागचा. त्या चिखलात जे जगलं आणि मेलं ते एक वय. तो चिखल खोल गाडला जाऊन त्यातला जीवांश तेल झाला ते दुसरं. तेल तिथून निघून या उंचवट्यात मुक्कामाला आलं ते तिसरं. आणि ज्या दगडात ते बसलंय त्याचं चौथं.

चाळ १९३० सालची म्हणून भाडेकरू १९३० सालचा ठरत नाही. तेलक्षेत्रात मात्र रोजच्या बोलण्यात ‘मायोसीनचं तेल’ म्हणतात ते चाळीचं साल सांगतात, भाडेकरूचं नव्हे. कामापुरतं ते चालतं. छिद्र पाडायचं असतं ते दगडाला.

थोडं तेल मुंबई हायच्या तळखडकातही सापडलंय. तो तर त्याहूनही थोरला. कुठे दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे तोच सह्याद्रीचा काळा कातळ, कुठे त्याच्याही आधीचा ग्रॅनाइट. भेगा मिळाल्या, तेल शिरलं. तेल आपल्यापेक्षा धाकट्या दगडात राहतं आणि आपल्यापेक्षा कितीतरी थोरल्या दगडातही. दगडाच्या वयावरून त्याची कुंडली मांडणं धोक्याचं आहे ते यामुळे.

एक गोष्ट मात्र ठाम. पन्ना थर दख्खनच्या बेसाल्टच्या वर बसलाय. म्हणजे सह्याद्री थिजला तेव्हा मुंबई हायच्या तेलाचा कच्चा मालही जन्मला नव्हता. ‘दगडाइतकं जुनं’ हे विशेषण इथे तेलाला लावता येत नाही.

*

दगडाचं वय तरी सरळ मिळतं का? गाळाच्या खडकात नाही. वाळूचा कण ज्या डोंगरातून झिजून आला त्या डोंगराचं वय सांगत बसतो. तेव्हा मृतांना विचारायचं.

विहीर खोदताना छिन्नीजवळ फुटलेले तुकडे चिखलाच्या प्रवाहाबरोबर वर येतात. त्यांना कटिंग्ज म्हणतात. थरथरत्या जाळीवर चिखल गळतो, तुकडे उरतात. ठरावीक मीटरांनी नमुना घ्यायचा, धुवायचा, बारीक चाळण्यांतून काढायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या तबकात पसरायचा. ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण बाजूला करत जायचं. बहुतेक कण म्हणजे नुसता दगडाचा भुगा. मधेच एखाद्याला आकार असतो; फुगीर कप्पे, वळणावळणांची रचना, कडेला बारीक तोंड. फोरॅमिनिफेरा. एका पेशीचा जीव, पण घर बांधण्यात शिस्तीचा. जात ओळखली की काळ ओळखता येतो, कारण प्रत्येक जातीची पृथ्वीवरची मुदत ठरलेली होती.

यात एक मेख आहे. तुकडा छिन्नीपासून वर यायला वेळ लागतो, तो हिशेबात धरावा लागतो, तेवढं सोपं. कठीण हे, की विहिरीच्या भिंती वरून ढासळत असतात. दोन हजार मीटरवरच्या नमुन्यात बाराशे मीटरवरचे जीवाश्म पडलेले असू शकतात. धाकटे थोरल्यांत मिसळतात. म्हणून एखादी जात विहिरीत सर्वांत खाली कुठे दिसली, याला फारशी किंमत नसते. खाली जाताना ती सर्वांत आधी कुठे दिसली, याला असते. आणि वरून खाली जाणाऱ्याला आधी भेटतो तो त्या जातीचा शेवट.

तेलविहिरीत जन्माचा दाखला संशयास्पद मानतात. मृत्यूचा चालतो.

इतिहासकाराने हा नियम थोडा उसना घ्यायला हरकत नाही. गोष्टी कधी सुरू झाल्या यावर दावे पुष्कळ. कधी संपल्या हे तपासणं तुलनेने सोपं.

*

या बारीक जीवांवरून तेलविहिरींतल्या थरांचं वय ठरवता येईल, असं १९२१ साली एस्थर ॲप्लिन यांनी अमेरिकेत भूवैज्ञानिकांपुढे मांडलं, तेव्हा एका प्राध्यापकांनी भर सभेत त्यांची टर उडवली. चारच वर्षांनी, १९२५ साली, ॲप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग नायकर या तिघींनी टेक्सास-लुईझियानाच्या किनारपट्टीखालच्या थरांचा क्रम याच जीवांच्या आधारे लावून छापला. तिघी तीन वेगवेगळ्या तेल कंपन्यांत नोकरीला होत्या. कंपन्या एकमेकींपासून नकाशे लपवत होत्या आणि या तिघी एक निबंध लिहीत होत्या.

त्यानंतर कंपन्यांनी सूक्ष्मदर्शकं घाऊक खरेदी केली. थट्टेचं पुढे काय झालं, याची नोंद कुणी ठेवत नाही.

*

आतापर्यंत साक्ष झाली दगडाची. तेल स्वतः काही बोलतं का?

१९३४ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांना कच्च्या तेलात पॉर्फिरिन सापडलं. पानातलं हरितद्रव्य ज्या सांगाड्यावर उभं असतं, त्याच घराण्यातला रेणू. मधला मॅग्नेशियम गेला होता, त्याच्या जागी व्हॅनेडियम बसला होता, कडेचे हातपाय झडले होते, कणा शाबूत. तेल एके काळी जिवंत होतं याचा हा लेखी पुरावा म्हणायचा. शिवाय पॉर्फिरिन कडक उष्णतेत टिकत नाही. म्हणजे तेल कढत ज्वालामुखीत नव्हे, मंद आचेवर झालं, हेही त्याच कागदावर.

असे रेणू पुढे डझनांनी सापडले. त्यांना जैवखुणा म्हणतात. त्यांतल्या काहींना काळाची अट असते, कारण ज्या जिवाने तो रेणू घडवला त्या जिवाच्या आधी तो असू शकत नाही. ओलिअनेन हा त्यातला नामांकित. तो सपुष्प वनस्पतींकडून येतो. पृथ्वीवर फुलं क्रिटेशस काळात फोफावली. तेलात ओलिअनेन भरपूर असेल, तर ते फुलांच्या नंतरचं. आसामच्या तेलात तो भेटतो, खंबातच्या खोऱ्यातही. डिझेलच्या टाकीत नाक घातलं तर फुलाचा वास येणार नाही, पण पत्ता तोच आहे.

ओलिअनेन नसेल तर? तर तेल फुलांच्या आधीचं असेल किंवा किनाऱ्यापासून दूर, जिथे पानं-फुलं वाहून पोचली नाहीत अशा समुद्रातलं असेल. साक्षीदार हजर असला तर बोलतो. गैरहजर असला तर फक्त शंका निर्माण होते. जैवखुणांचे अहवाल वाचताना हा फरक वारंवार पुसट होतो आणि तो पुसट होऊ देणारे लोक अडाणी नसतात, घाईत असतात.

*

राजस्थानच्या वाळवंटाखाली दोन तेलं आहेत. बारमेरच्या खोऱ्यातलं, २००४ साली सापडलेलं मंगला क्षेत्रातलं तेल, पॅलिओसीनच्या तलावांतल्या गाळातून आलेलं. मुंबई हायच्या पिढीचं. त्याच्या उत्तरेला बाघेवाला इथे १९९१ साली मिळालेलं दुसरं, काळं, डांबरासारखं दाट. त्यात फुलांची खूण नाही. उलट २४-आयसोप्रोपिलकोलेस्टेन नावाचा एक रेणू ठळकपणे आहे. बहुतेक संशोधक तो प्राचीन स्पंजांशी जोडतात आणि कँब्रियनच्या उंबरठ्यावरच्या तेलांत तो विशेष भरतो. १९९५ साली छापलेल्या एका अभ्यासात बाघेवालाच्या तेलाची रेणूंची ठेवण ओमानच्या हुक्फ खडकांतल्या तेलाशी जुळवून दाखवली गेली. सुमारे ५४ कोटी वर्षं किंवा त्याहून जास्त. तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, समुद्रात मासा म्हणावा असा मासा नव्हता. राजस्थान आणि ओमान मात्र शेजारी होते.

एकाच राज्यातली दोन तेलं, आणि त्यांच्या वयात जवळपास दहापटीचं अंतर. महसूल खात्याला दोन्ही सारखीच.

*

वय आणि शिजणं यांची गल्लत फार होते.

तेल व्हायला ढोबळ मानाने ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमान लागतं. त्याखाली जीवांश कच्चा राहतो, फार वर गेला की वायू होतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय लोपातिन यांनी १९७१ साली एक सुटसुटीत हिशेब मांडला. दर दहा अंशांमागे शिजण्याचा वेग दुप्पट होतो असं धरायचं; किती काळ किती तापमानात गेला याची बेरीज करायची. पुढे गणितं सुधारली, पण मर्म तेच. काळ आणि उष्णता एकमेकांची उसनवारी फेडतात. ऐंशी अंशांवर जेवढं कोट्यवधी वर्षांत होतं, तेवढं जास्त आचेवर फार लवकर उरकतं.

परागकण ही आच अंगावर दाखवतात. ताजे असतात तेव्हा फिकट पिवळे. पुरले गेले, तापले, की सोनेरी, मग तपकिरी, मग काळे. सूक्ष्मदर्शकाखाली रंग पाहून सांगता येतं की थर किती तापला. किती वर्षं तापला, हे मात्र रंगात नाही. काळ्या परागकणाने दीर्घायुष्य भोगलं असेल किंवा नुसता चटका.

चेहऱ्यावरून वय सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या उसनवारीचं टोक कॅलिफोर्नियाच्या आखातात आहे. ग्वायमास खोऱ्यात समुद्राचा तळ फाटतोय. खालून तप्त पाणी वर येतं आणि तळाचा गाळ जागच्या जागी भाजून निघतो. त्यातून खरंखुरं पेट्रोलियम तयार होतं. १९८९ साली त्याचं वय कार्बन-१४ वापरून काढलं, आणि ते पाच हजार वर्षांच्या आत निघालं. मोहेंजोदडोच्या विटा भाजल्या जात होत्या त्या सुमाराचं तेल. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला मॅकआर्थर खोऱ्यात जवळपास १४० कोटी वर्षांपूर्वीच्या शेलमध्ये तेलाचे अंश अजून टिकून आहेत. रसायन तेच.

‘तेल व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात’ हे शाळेतलं वाक्य चुकीचं नाही. बहुतेक तेलाला लागली. तशी अट मात्र नव्हती.

*

कोट्यवधी वर्षं चालणारं घड्याळ तेलाच्या अंगावर नाही असं वर म्हटलं. एक आहे, पण ते कार्बनमध्ये नाही. तेलाच्या जड भागात रेनियम आणि ऑस्मियम हे धातू अगदी लेशमात्र असतात. रेनियम-१८७ चा ऑस्मियम-१८७ होत राहतो. अर्धायुष्य सुमारे ४,१६० कोटी वर्षं. पृथ्वीच्या वयाच्या नऊपट. इतक्या सावकाश चालणाऱ्या काट्यावरून वेळ वाचायला फार नाजूक हात लागतो.

२००५ साली डेव्हिड सेल्बी आणि रॉबर्ट क्रीझर यांनी कॅनडातल्या आल्बर्टाच्या तेलवाळूवर हा प्रयोग केला. उत्तर आलं ११.२ कोटी वर्षं, अधिक-उणे ५३ लाख. दगड बाजूला ठेवून खुद्द तेलाला वय विचारलं गेलं आणि तेलाने आकडा सांगितला.

प्रश्न मिटला का? खोऱ्याच्या तापमानाचा इतिहास उभा करणारी काही गणितं म्हणतात, तिथलं तेल त्यानंतर, क्रिटेशसच्या उत्तरार्धात तयार झालं. मग हा काटा नेमका केव्हा सुरू झाला असं मानायचं? तेल दगडातून सुटलं तेव्हा, की त्याआधीच्या एखाद्या टप्प्यावर? आकडा थेट मिळाला तरी तो कशाचा आहे हे ठरवायला पुन्हा शेजाऱ्यांकडेच जावं लागतं. मला यात विज्ञानाची हार दिसत नाही. तारीख आणि घटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच दिसतं.

*

एवढा उपद्व्याप कशासाठी? हौस म्हणून कुणी कोट्यवधी रुपये खर्चत नाही.

तेल हलकं असतं, ते वरवर सरकत राहतं. वाटेत घुमटासारखा दगड आणि त्यावर न गळणारं झाकण असेल तरच थांबतं. घुमट आधी हवा, तेल मागून. क्रम उलटला की सगळं असून काही नसतं. चांगला दगड, चांगलं झाकण, आणि विहीर कोरडी. म्हणून वयांच्या आकड्यांपेक्षा वयांचा क्रम महत्त्वाचा. कुणी कुणाच्या आधी.

अलास्काच्या उत्तरेला, ब्यूफोर्ट समुद्रात, मकलक नावाची रचना होती. भूकंपलहरींच्या नकाशावर इतकी देखणी, की कंपन्यांनी तिथल्या भाडेपट्ट्यांवर प्रचंड बोली लावली. खडी टाकून समुद्रात बेट बांधलं. १९८३ साली विहीर खोदली. एकूण खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर गेला. दगड मिळाला तो अपेक्षेप्रमाणे सच्छिद्र. त्यात पाणी होतं, खारं. आणि दगडाच्या कणांवर तेलाचे डाग.

तेल तिथे आलं होतं. राहिलंही होतं. मग जमीन कलली किंवा झाकण फुटलं, आणि ते गेलं. सोहायो कंपनीचे अधिकारी रिचर्ड ब्रे यांनी या प्रकाराचं वर्णन केलं ते असं, की जागा बरोबर होती, आम्हाला तीन कोटी वर्षं उशीर झाला. दीड अब्ज डॉलर बुडाल्यावर विनोद सुचणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

मकलकच्या दगडाचं वय बरोबर काढलं होतं. तेलाच्या उगमखडकाचंही. चुकलं ते निघून जाण्याचं वय. ते विहीर पाडण्याआधी कुठल्याच नमुन्यात नव्हतं.

*

हल्ली महाराष्ट्रात पेट्रोलच्या टाकीत उसाचा रस असतो, इथेनॉल होऊन. वीस टक्के मिसळतात. म्हणजे एकाच टाकीत गेल्या गळीत हंगामातला कार्बन आणि इयोसीनमधला कार्बन शेजारी शेजारी जळतात. इंजिनाला फरक कळत नाही. कार्बन-१४ ला कळतो. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्यासारखं काही उरत नाही. उसात तो आजच्या हवेइतका असतो, खनिज तेलात मुळीच नसतो. इंधनात शेतातलं किती आणि विहिरीतलं किती हे ठरवायची प्रमाणित पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. तिला तेलाचं वय लागत नाही. आठ कोटी की पन्नास कोटी, दोन्ही तिच्या लेखी शून्य.

हे शून्य आपण गेली दीडशे वर्षं धुराड्यांतून हवेत सोडतोय. हवेतला कार्बन-१४ त्यामुळे पातळ होतो. हान्स ज्यूस यांनी हे १९५० च्या दशकात दाखवलं. पातळ झालेल्या हवेत वाढलेलं रोप कार्बन-१४ च्या हिशेबाने आहे त्याहून जुनं दिसतं. २०१५ साली हेदर ग्रेव्हन यांनी याचं गणित पुढे नेलं. जाळणं असंच चालू राहिलं, तर २०५० च्या सुमारास नव्या कापसाचं कार्बन-वय एक हजार वर्षं निघेल. नवा कोरा सदरा आणि अंबरनाथचं शिवालय उभं राहिलं त्या काळातलं धडुतं, दोन्ही प्रयोगशाळेत एकाच तारखेला पडतील, आणि पुरातत्त्ववाल्यांना त्यांच्यातला फरक सांगायला दुसरी एखादी खूण शोधावी लागेल.